न भरलेली फट

शेवंती गमरेला आयुष्यात दोन गोष्टींचा मनापासून राग. एक म्हणजे पाणचट चहा, आणि दुसरी म्हणजे लोखंडाच्या दोन तुकड्यांमध्ये दिसलेली फट. पहिल्या रागावर तिचा नवरा जयवंत गेली तीस वर्षं उपाय शोधतो आहे. बेस्टमधून निवृत्त झाल्यावर तर त्याला दुसरं कामच नाही. दुसऱ्या रागावरचा उपाय मात्र शेवंतीच्या स्वतःच्या हातात असे, वेल्डिंगचा होल्डर.

लोअर परळच्या एका गल्लीत, काचेच्या ऑफिसांच्या पायाशी, तिचं पत्र्याचं दुकान आहे. खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाकीचे स्टँड, जयंतीच्या मिरवणुकीची कमान, असली कामं तिथे चालतात. वडिलांनी, म्हणजे कुशाबांनी, ते सुरू केलं. कुशाबा गिरणीच्या मेकॅनिक खात्यात वेल्डर होते. गिरणीला टाळं लागलं तेव्हा त्यांनी रडारड केली नाही, एक जुनं मशीन मिळवलं आणि मदतीला सोळा वर्षांची मुलगी घेतली. गल्लीतल्या पोरांना त्याची फार मजा वाटली. शेवंती डोळ्यांवर काळी काच ओढून घेई, त्यामुळे हसणारी तोंडं तिला कधी दिसलीच नाहीत. कुशाबांची शिकवण एका वाक्याची होती: फट ठेवली म्हणजे काम अर्धं टाकून पळालो. हे वाक्य पोरीच्या हाडात असं मुरलं की पुढे ते काढायला भूकंप लागला. तोही खोटा, पण तो नंतर येईल.

तिचा हात काय वर्णावा! वेल्डिंग करून, वर ग्राइंडर फिरवून ती सांधा असा गुळगुळीत करी की दोन तुकडे होते हे लोखंडालाही आठवू नये. गिऱ्हाइकाला म्हणायची, "सांधा शोधून दाखवा, चहा माझ्याकडून." तिला चहा पाजायची वेळ क्वचितच आली.

जित्याची खोड म्हणतात ती अशी. एकदा गिरगावात भाचीच्या साखरपुड्याला गेली होती. आत मोठी माणसं मानपानाचं बोलत होती आणि ही बाई हॉलच्या फाटकाशी उभी राहून बिजागरीच्या खालच्या फटीत बोट घालून पाहत होती. "कोणी केलंय हे? उंदीर जाईल की यातून!" दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन टॅक्सीत घालून ती पुन्हा गिरगावात गेली आणि कोणी न सांगता, न विचारता ती फट भरून आली. हॉलवाल्याला वाटलं, मुलीकडची माणसं फारच सज्जन आहेत.

तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पस्तिशीत असताना तिची चाळ गेली. पडली नाही हं, कलली. शेजारी टॉवरसाठी खड्डा खणला गेला आणि चार मजली चाळ चार बोटं एका अंगाला झुकली. एक भिंत पडली नाही, एका माणसाला खरचटलं नाही. पण वाकडी इमारत ती वाकडी इमारत. नोटीस आली, आणि सगळी बिऱ्हाडं शीवच्या ट्रान्झिट कॅम्पात गेली. "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," असं साहेबाने सांगितलं होतं. ते थोडे दिवस अकरा वर्षं चालले. परत आली तेव्हा शेजारपाजारचे निम्मे म्हातारे कॅम्पातच संपले होते. शेवंती याबद्दल फारसं बोलत नाही. बोललीच तर म्हणते, "पडली असती तर लोकांनी पाह्यलं तरी असतं. कललेल्या बिल्डिंगीकडं कोण बघतो?"

त्याच कॅम्पात, दोन खोल्या सोडून, प्रिती वाढली. कंपासपेटीचा पत्रा तुटला तरी शेवंतीकडे धावणारी पोर. पुढे ती इंजिनीअर झाली, दादरच्या एका कॉलेजात पीएचडी करू लागली, आणि एका दुपारी दुकानात येऊन उभी राहिली.

"मावशी, एक सांधा करून हवाय."

"कसला?"

"उघडणारा."

शेवंतीने काळी काच वर केली. "दरवाजा बनवतेस काय? मग बिजागरी लाव."

"दरवाजा नाही गं. बिल्डिंगचा सांधा. लोखंडी खांब आणि बीम यांच्यामधला."

"बिल्डिंगचा सांधा उघडला तर बिल्डिंग खाली येईल आणि मी आत जाईन. चहा घेतेस?"

प्रितीने चहा घेतला आणि समजावून सांगायला बसली. लोखंडी इमारतीत बीम खांबाला पक्का वेल्ड करतात. मोठा भूकंप झाला की तो पक्का सांधा वाकतो. इमारत पडत नाही, माणसं वाचतात, पण वाकलेलं लोखंड परत सरळ होत नाही. इमारत कललेली राहते. मग ती पाडायची, आणि माणसं...

"ट्रान्झिटला," शेवंती म्हणाली.

"हो. म्हणून हा वेगळा सांधा. लहानपणी माझी इलॅस्टिकमध्ये ओवलेली मण्यांची बांगडी होती, आठवते? ताणली की मण्यांत फट पडायची, सोडली की मणी पुन्हा चिकटायचे. तसंच. बीम खांबाला वेल्ड करायचाच नाही, नुसता टेकवायचा. बीमच्या कडेने पोलादी केबल्स दोन्ही खांबांतून आरपार न्यायच्या आणि जॅकने ताणून ठेवायच्या. भूकंपात खांब हलला की सांधा उघडेल, हिसका थांबला की केबल्स त्याला खेचून मिटवतील. इमारत होती तशी उभी."

"आणि हिसका जातो कुठं?"

प्रिती हसली. हा प्रश्न तिच्या वर्गातल्या मुलांनी विचारला नव्हता. "सांध्याला वर-खाली बोल्टने अँगल लावायचे. हिसका ते खातात. ते वाकतील. वाकले की बदलायचे."

परळला एक ट्रस्ट हॉस्पिटलातल्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी सहा मजली वसतिगृह बांधणार होती. रस्त्यावर पथारी टाकणाऱ्यांसाठी. प्रयोगशाळेत सांधा टिकला तर इमारत या पद्धतीने, नाहीतर नेहमीसारखी. प्रयोगासाठी खऱ्या मापाच्या दोन चौकटी मंजूर होत्या. दोन खांब, वर एक बीम, अशी एक चौकट. प्रितीच्या पाच वर्षांच्या कामाचं भवितव्य या दोन चौकटींवर होतं, आणि त्या करायला तिने शेवंतीला निवडलं होतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या हॉलमध्ये पहिली चौकट उभी राहिली. केबल्स ताणल्या, अँगल लागले. शनिवारी संध्याकाळी प्रिती मीटिंगला गेली आणि शेवंती एकटी राहिली. हत्यारं आवरताना तिची नजर वरच्या सांध्यावर गेली. बीमचं टोक खांबाला सगळीकडे नीट बसलं नव्हतं. एका कोपऱ्यात नख शिरेल एवढी फट राहिली होती.

सांध्याला वेल्डिंग करायचं नाही हे तिला पक्कं माहीत होतं. पण ती मनाशी म्हणाली, ती फट भूकंपाची. ही फट माझ्या कामाची. भूकंप आला की उघडायचा तेव्हा उघडेल, एवढ्याशा वेल्डिंगने काय अडणार आहे? तोवर बरा तर दिसू दे. तिने काच ओढली आणि फट भरली. एकच कोपरा भरला तर विजोड दिसतं म्हणून मग दोन्ही सांध्यांचे चारही कोपरे भरले. ग्राइंडर फिरवला. प्रयोगाच्या चौकटीला चुना फासतात, म्हणजे लोखंड जिथे वाकेल तिथला चुना गळून पडतो आणि ते कळतं. सोमवारी सकाळी मुलांनी चुना फासला. खाली काय आहे ते कोणाला दिसायचं कारणच उरलं नाही.

दुसऱ्या कोणाचं वेल्डिंग असतं तर भूकंपासारखे हिसके देणाऱ्या यंत्राच्या पहिल्या धक्क्याला सुटलं असतं. पण ते शेवंतीचं होतं.

यंत्राने चौकटीचं डोकं डावीकडे ढकललं, उजवीकडे ओढलं. सांधा उघडेना. यंत्राने जोर वाढवला. सांधा उघडेना. शेवटी बीमचा खालचा पत्राच फुगला, चर्रकन फाटला आणि चुन्याचे पापुद्रे सगळीकडे उडाले. यंत्र बंद केलं तेव्हा चौकट तीन बोटं उजवीकडे कललेली होती, आणि तशीच राहिली. शेवंतीला तिच्याकडे बघवेना.

प्रितीचे गाइड हितेंद्र सर. माणूस वाईट नव्हता, पण गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांनी फाटलेल्या पत्र्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला. "प्रिती, कागदावर छान आहे, प्रत्यक्षात उघडत नाही. मी ट्रस्टला तसं कळवतो. दुसरी चौकट फुकट घालवण्यात अर्थ नाही."

प्रिती आकडे पुन्हा पुन्हा तपासत होती. कुठे माशी शिंकली तेच तिला कळत नव्हतं. ते फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस दाराशी हात पुसत उभा होता. शेवंती मूग गिळून बसली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. सांधा शोधून दाखवा म्हणणारी बाई ती! पण तिने पोरीचा चेहरा पाहिला. ती छिन्नी घेऊन चौकटीजवळ गेली आणि कोपऱ्यावरचा चुना खरवडला.

"सर, हा सांधा प्रितीचा नाय. माझा हाय. फट दिसली, मी भरली. चारही बाजूंनी."

सरांनी बोट फिरवून पाहिलं. काही हाताला लागलं नाही. मग त्यांनी भिंग मागवलं.

प्रिती एवढंच म्हणाली, "मावशी, मी सांगितलं होतं ना गं." आरडाओरडा केला असता तर शेवंतीला बरं वाटलं असतं. त्या दिवशी घरी जयवंतने केलेला चहा पाणचट होता आणि तिने तो न बोलता पिऊन टाकला. जयवंत खरोखरच घाबरला.

दुसऱ्या दिवशी सरांनी बाहेरच्या कॉन्ट्रॅक्टरचं नाव काढलं. प्रिती उभी राहिली. "सर, दुसरी चौकट मावशीच करतील. ही चूक पुन्हा न करणारा एकच माणूस मला माहीत आहे."

सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण एक अट. वेल्डिंग मशीन या हॉलच्या आत येणार नाही."

म्हणजे स्वयंपाकिणीला सांगायचं, स्वयंपाक कर, पण चूल पेटवू नकोस. शेवंतीने मान हलवली आणि दुकानातून कानस आणली.

आता फट भरायची नव्हती, फट होऊच द्यायची नव्हती. बीमचं टोक खांबाला तसूभरही जागा न सोडता टेकलं पाहिजे, म्हणजे भरायला काही उरणारच नाही. तिने कपड्याची नीळ तेलात कालवली आणि खांबाच्या तोंडावर पातळ लावली. बीम टेकवून मागे घेतला. जिथे लोखंड उंच तिथे निळा डाग उमटला. तो डाग तिने कानशीने घासला. पुन्हा नीळ, पुन्हा टेकव, पुन्हा घास. पहिल्या दिवशी टोकावर पाच-सात ठिपके उमटत होते. दुसऱ्या दिवशी वीस. बीम साखळीच्या कप्पीला टांगलेला, तो मागेपुढे करून करून तिचे खांदे भरून आले. जयवंत डबा घेऊन आला आणि कडेला बसून पाहत राहिला.

"आयुष्यभर भरत आलीस. आता घासत बसलीस."

"तू चहात पाणी भरतोस तसं नाय हे. गप जेव."

"डबा तुझ्यासाठी आणलाय."

चौथ्या दिवशी बीमचं टोक मागे घेतलं तेव्हा ते या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखं निळं होतं. एवढासाही चट्टा कोरा नव्हता. शेवंतीने प्रितीला हाक मारली. प्रितीने मधे कागद घालून पाहिला. शिरेना. मग तिने मावशीचा निळा-काळा झालेला हात हातात धरला, आणि प्रयोग फसल्यापासूनचा दोघींमधला अबोला तिथेच संपला.

प्रयोगाच्या दिवशी ट्रस्टचे दोन विश्वस्त आले, कॉलेजची मुलं जमली. बीमच्या मध्यातून ओळंबा सोडला होता आणि जमिनीवर त्याच्या टोकाखाली फुली मारली होती. शेवटी ओळंबा फुलीवर आला तर जिंकलो. आला नाही तर वसतिगृह नेहमीच्या पद्धतीने होणार, आणि प्रितीची पाच वर्षं कपाटात जाणार. शेवंती पिवळ्या पट्टीच्या मागे उभी होती आणि तिच्या पाचावर धारण बसली होती.

यंत्राने ढकललं. काही झालं नाही. आणखी ढकललं. आणि मग वरच्या कोपऱ्यात, बीम आणि खांब यांच्यामध्ये, एक काळी रेघ उमटली. रेघ रुंदावली. पलीकडच्या खिडकीचा उजेड त्यातून दिसू लागला. शेवंतीचा उजवा हात आपोआप उठला, होल्डर शोधायला. तिने तो डाव्या हाताने धरून खाली घेतला.

यंत्राने मागे ओढलं. सांधा खट्कन मिटला.

मुलांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी डोळे वटारले. यंत्र जोर वाढवत गेलं. दर फेरीला फट उघडायची, मिटायची, उघडायची, मिटायची. आधी करंगळीएवढी, मग अंगठ्याएवढी. अँगल वाकत होते, त्यांच्यावरचा चुना गळत होता, आणि बीम मात्र चुन्यासकट स्वच्छ पांढरा होता. शेवटच्या फेरीला केबल्स करकरल्या, एक विश्वस्त दोन पावलं मागे गेला. ओळंबा फुलीपासून टीचभर लांब जाऊन उभा राहिला.

मग प्रितीने यंत्राचा जोर काढून घेतला.

चौकट मागे आली. दोन्ही सांधे मिटले. ओळंबा इकडून तिकडे झुलला, मग कमी झुलला, मग टोक थरथरत फुलीवर आलं आणि थांबलं. हितेंद्र सर पँटची पर्वा न करता गुडघ्यांवर बसले, पट्टी लावली, दोनदा पाहिलं. "अर्धा मिलिमीटर," ते म्हणाले. "अर्धासुद्धा नाही." त्यांचा आवाज बदलला होता. प्रिती रडत होती आणि हसत होती, आणि मुलांनी तिला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. शेवंतीच्या छातीत आनंद मावेना. एवढं मोठं लोखंड हललं, कललं, आणि आपल्या पायांनी घरी परत आलं होतं.

विश्वस्तांनी वाकलेल्या अँगलकडे बोट दाखवलं. "मग आता ही चौकट भंगारात?"

शेवंतीने पाना उचलला. बोल्ट सोडले, वाकडे अँगल काढून बाजूला ठेवले, नवे लावले, बोल्ट आवळले. पाऊण तास लागला. प्रितीने केबल्सचा ताण पाहिला, तो शाबूत होता. शेवंती पिवळ्या पट्टीच्या मागे गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हलवा."

"बाई, प्रयोग झाला," सर म्हणाले. "रिपोर्टला एवढं पुरेसं आहे."

"रिपोर्टला असेल. तिथं माणसं झोपणारेत, सर. एकदा भूकंप झाला म्हंजे दुसरा येत नाय काय?"

सरांनी घड्याळ पाहिलं, विश्वस्तांकडे पाहिलं, आणि स्वतः जाऊन यंत्र सुरू केलं. चौकट कलली. कोपऱ्यात काळी रेघ उमटली. या वेळी शेवंतीचा हात कमरेवरून हलला नाही. "उघड गं बाय," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "घाबरू नको, उघड!" फट उघडली, अंगठाभर उघडली, आणि खट्कन मिटली. ओळंबा दुसऱ्यांदा फुलीवर आला. आता टाळ्या वाजवणाऱ्यांत सर पहिले होते.

आवराआवर झाल्यावर ते वही घेऊन तिच्याकडे आले. "रिपोर्टात सांधा करणाऱ्याचं नाव द्यावं लागतं. कसं लिहू?"

"शेवंती जयवंत गमरे. वेल्डर."

सरांचं पेन थांबलं. "वेल्डर कसं लिहू? या सांध्यात वेल्डिंगचा एक टाका नाही."

"म्हणूनच लिवा," शेवंती म्हणाली. "ज्याला वेल्डिंग येत नाय त्यानं ते नाय केलं, तर त्यात काय मोठं?"

सरांनी वेल्डर असं लिहिलं.